समेची वाट पाहणारा कान

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीकडचं गाव, घरात आजोबा माळकरी, लहानपण गणपतीत हलगीपुढे नाचण्यात गेलेलं आणि आता नोकरीसाठी बर्लिन. सोबतचे लोक शनिवारी टेक्नो क्लबला नेतात, तिथे तीन-तीन तास एकच ठोका चालतो आणि तुला काहीच होत नाही. सायट्रान्स, म्हणजे गोव्याच्या पार्ट्यांतून निघालेलं वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत, लागलं की मात्र अंगावर काटा येतो. त्यावर एकजण म्हणाला, ‘तुम्हा भारतीयांना चाल लागते, हे तुमच्यासाठी नाही.’ म्हणून तू विचारतोयस, माझा कान कच्चा आहे का?

कान कच्चा नाही. चांगला घोटलेला आहे, पण वेगळ्या तालमीत. मी वीस वर्षं पुण्या-मुंबईत डीजे म्हणून वाजवते आहे. गर्दीकडे तोंड करून इतकी वर्षं उभं राहिलं की एक गोष्ट डोळ्यांना दिसायला लागते. माणूस आवडीने नाचायला लागण्याआधी त्याचे पाय ओळखीने हलायला लागतात, आणि ही ओळख फार लहानपणी होते. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रीहब या दोघी संशोधकांनी २००५ साली यावर काम प्रसिद्ध केलं. बाल्कन लोकसंगीतात सात-सात मात्रांचे तिरपे ठेके असतात. त्यांतली चूक बल्गेरिया-मॅसिडोनियातल्या मोठ्या माणसांना लगेच कळायची, उत्तर अमेरिकेतल्या मोठ्यांना कळायची नाही. पण उत्तर अमेरिकेतल्याच सहा महिन्यांच्या बाळांना ती कळत होती. वर्षाची होईपर्यंत ती बाळंही घरच्या ठेक्याकडे झुकलेली असायची. त्यांना दोन आठवडे ते परकं संगीत घरी ऐकवलं की फरक भरून निघायचा. मोठ्यांना तेवढंच ऐकवून तो भरून निघाला नाही. म्हणजे आपण सगळे मोठा कान घेऊन जन्मतो आणि घर त्याला आकार देतं.

आता तुझ्या घराने काय आकार दिला ते पाहू. आपल्याकडे ताल म्हणजे आवर्तन, आणि आवर्तन आलं की सम, म्हणजे त्याची पहिली मात्रा, आली. तू शास्त्रीय शिकलेला नसशील, तरी ती तुझ्या अंगात आहे. तबलजी तिहाई घेतो, एकच तुकडा तीनदा, तिसऱ्याचं शेवटचं अक्षर समेवर पडतं आणि सगळ्या बैठकीच्या माना एकदम हलतात. तुमच्याकडचा हलगीवाला तेच करतो. घुमकं खाली धरून ठेवतं, कैताळ वाजत राहतो, हलगी बारीक-बारीक कडकडत वर चढते, क्षणभर दम धरते आणि मग जी पडते तिथे पोरं उडी मारतात. मोठ्या मैदानावरच्या ईडीएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात, ड्रॉपच्या आधी नेमकं काय होतं? किक, म्हणजे खालचा जाड ठोका, काढून घेतात, स्नेअर ड्रम दुगणीत जातो, मग चौगुणीत, आवाज वर खेचला जातो, आणि सगळं एकदम खाली येतं. ड्रॉप म्हणजे काय हे आपल्या पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. २००७ साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न हा संगीत महोत्सव सुरू झाला, आणि ज्यांनी आयुष्यात क्लब पाहिला नव्हता तीही पोरं पहिल्या ड्रॉपला बरोबर जागेवर उडत होती. माझ्या मते त्याचं कारण हेच.

बर्लिनचं टेक्नो सम दाखवत नाही. किक चारही मात्रांवर सारख्या वजनाची असते, बदल होतात ते दर आठ-सोळा बारांनी (चार मात्रांचा एक बार), तेही चोरपावलांनी. तुझा कान तीन तास समेची वाट बघत उभा राहतो. ती येत नाही. कंटाळा येणारच.

सायट्रान्स मात्र तुला एका झटक्यात का लागलं, याचं कारण मला आणखी खोल वाटतं. आपल्या रागसंगीतात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, बदलत नाहीत. तानपुरा एकाच षड्जावर रात्रभर चालतो आणि सगळं नाट्य त्या एका सुराच्या पाठीवर घडतं. सायट्रान्सची बांधणी ऐक: एक किक, तिच्यामागे बेसचे तीन सोळांश, म्हणजे पाव-पाव मात्रेचे सूर, सगळे एकाच सुरावर, सात-आठ मिनिटं. आणि वरून जी वळवळणारी ओळ येते तिच्यात अनेकदा कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर झेप असते. म्हणजे आपलं भैरव अंग. पहाटे गावाच्या देवळात भोंग्यावरून ऐकलेले सूर.

ही जोडणी किती सहज होते याचा मोठा पुरावा मुंबईतच आहे. चरणजित सिंग, हिंदी सिनेमासाठी वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची टीबी-३०३ (बेसचं यंत्र), टीआर-८०८ (ड्रमचं) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. भैरवी, ललित, तोडी, मालकंस. ३०३ वर बेस एका जागी गरगरतो आणि वर राग उलगडतो. शिकागोत त्याच यंत्रातून ॲसिड हाऊस हे क्लबचं नवं संगीत बाहेर पडलं ते १९८७ मध्ये. सिंगांची तबकडी तेव्हा फारशी कुणी घेतली नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे टेक्नोवाले थक्क झाले. २०१५ मध्ये ते गेले. ती तबकडी ऐकताना मला दरवेळी वाटतं, या माणसाला नवं काही शोधायचं नव्हतं. हाताशी आलेल्या यंत्राला त्याने आपल्या घरची भाषा बोलायला लावली.

इस्रायलचंही असंच. तिथले तरुण सक्तीची लष्करी सेवा संपवून भारतात फिरायला येतात. नव्वदच्या दशकात हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांतून त्यांनी गोवा ट्रान्स, म्हणजे सायट्रान्सचं आधीचं रूप, घरी नेला आणि तो देश या संगीताचं माहेरघर होऊन बसला. इन्फेक्टेड मशरूम हे सायट्रान्सचे प्रसिद्ध कलाकार तिथल्या हैफा शहरातले. आता त्यांच्या घरी काय वाजत होतं? अरबी संगीतातला हिजाज हा सुरांचा साचा, येमेनी गाणी, पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांतल्या चाली. सगळीकडे तीच कोमल दुसऱ्या सुरावरून शुद्ध तिसऱ्यावरची झेप. बाहेरून आलेलं संगीत त्यांच्या कानाला बाहेरचं वाटलंच नाही.

पण म्हणून ‘भारतीयांना अमुकच आवडतं’ असं तुझा सहकारी म्हणतो, ते साफ चूक. त्याच गोव्यात, त्या पार्ट्यांपासून दोन मैलांवर, पिढ्यान्‌पिढ्या चर्चच्या शाळेत मुलं स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन धरायला आणि चार आवाजांत गायला शिकत आली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोंयकारांनी हिंदी सिनेमाला हार्मनी दिली ती याच शिकवणुकीतून. माझे गोव्याचे मित्र पियानोच्या कॉर्डवर चाललेल्या हाऊस या नृत्यसंगीतामध्ये जे ऐकतात ते ऐकायला मला दहा वर्षं लागली. कॉर्ड बदलली की त्यांचे चेहरे बदलतात. माझा बदलत नव्हता, मी षड्ज शोधत बसायचे.

आणि कोळीवाडा? अलिबागजवळ एका हळदीला मी वाजवत होते. कोळीगीताला सरळ चारचा ठोका लावून केलेलं हाऊस मिक्स लावलं. बायका उभ्या राहिल्या, हात वर केले, पण पाय अडखळायला लागले. साठीच्या एक मावशी टेबलाजवळ आल्या, माझ्या लॅपटॉपशेजारी तळहाताने ठेका धरून दाखवला, धा-तिन-तिन, धा-तिन-तिन, आणि म्हणाल्या, ‘यात लाट कुठं हाय गो?’ मी किक तशीच ठेवली आणि वरच्या हाय-हॅटने, म्हणजे ड्रममधल्या बारीक झांजेने, प्रत्येक ठोक्याचे दोनाऐवजी तीन तुकडे केले. अर्ध्या मिनिटात सगळा मांडव डोलत होता. किक तीच, वेग तोच. झोका तेवढा आला. त्या दिवसापासून मी लोकांना ‘कळत नाही’ म्हणणं सोडलं.

घर फक्त ठेका शिकवत नाही, नाचणं म्हणजे काय हेही शिकवतं. मी वाईची. मिरवणुकीत मुलींनी नाचायचं नाही हा आमच्याकडे नियमच होता. माझं नाचणं झालं ते श्रावणातल्या मंगळागौरीत, आजीच्या माजघरात, बायका-बायकांत. फुगडी घालताना हातांची अढी, पाय जुळवलेले, अंग मागे टाकलेलं, तोंडाने पकवा, आणि वेग चढत-चढत भिंती दिसेनाशा होईपर्यंत गरगरणं. आजही मला वेग हळूहळू चढत जाणारा लांबलचक सेट आवडतो आणि अचानक आदळणारा ड्रॉप अंगावर येतो. तू हलगीपुढे वाढलास, मी फुगडीत. एकाच मातीतले असून आपली आवड एक नाही. इंग्लंडमधल्या पंजाबी मुलींनी ऐंशीच्या दशकात भांगड्याचे कार्यक्रम भरदुपारी गाठले, कारण संध्याकाळी घरी पोचणं भाग होतं. त्यांच्यासाठी त्या ठेक्यात चोरून मिळवलेल्या दुपारची चव आहे. तिथल्याच जमैकन घरांतली मुलं साउंड सिस्टिमच्या, म्हणजे रस्त्यावर लावलेल्या प्रचंड स्पीकरच्या, बेसवर वाढली आणि त्यांच्यातून जंगल नावाचं संगीत आलं: ड्रम मिनिटाला एकशे साठच्या वर आणि बेस निम्म्या वेगाने, रेगेसारखा. नातू वरच्या वेगाने नाचतो, आजोबा खालच्या वेगाने डुलतात, गाणं एकच.

आता तुझ्या सहकाऱ्याला एवढं जरूर सांग की टेक्नो जर्मन रक्तात नव्हतं. ते डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय पोरांनी घडवलं. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन साँडरसन हे तिघं जवळच्या बेलव्हिल गावात शाळेत एकत्र होते आणि रेडिओवर एकाच रात्री फंक आणि क्राफ्टवेर्क हा जर्मन इलेक्ट्रॉनिक बँड ऐकत होते. भिंत पडल्यावर बर्लिनला ते सापडलं. १९९१ मध्ये ट्रेझर क्लब उघडला तो एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात. पूर्वेची आणि पश्चिमेची पोरं एका अंधारात शेजारी-शेजारी नाचली. २०२४ मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्या लोकांसाठी तो सपाट ठोका म्हणजे कुणीच कुणाच्या वर नसलेली जागा आहे. तो त्यांनी वाढताना कमावलेला अर्थ आहे, तुझ्याकडे तो आपोआप असायचं कारण नाही.

पण तुझ्याकडे दुसरं काहीतरी आहे आणि तू ते प्रश्नात ओझरतं लिहून पुढे गेलास. आजोबा माळकरी. म्हणजे एकादशीच्या भजनाला तू बसला असशील, निदान एकदा तरी दिंडीत चालला असशील. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ एवढे दोनच शब्द, टाळ आणि पखवाज, आणि तासन्‌तास. तिथे कुणी समेची वाट बघत नाही. पाय चालत राहतात, टाळांच्या किणकिणीतले बारीक फरक कानावर येत-जात राहतात, आणि मैलभर रस्ता कधी संपला ते कळत नाही. तू क्लबमध्ये हलगीचा कान घेऊन जातोस. एकदा टाळाचा घेऊन जा.

पुढच्या वेळी अकराला जाऊ नकोस, पहाटे चारला जा. तोवर वाजवणाराही स्थिरावलेला असतो. फोन खिशात. स्पीकरच्या अगदी तोंडाशी नको, थोडं मागे. पहिला अर्धा तास किककडे लक्षच देऊ नकोस, ती पखवाजासारखी चालू दे. फक्त हाय-हॅट ऐक: कधी उघडते, कधी मिटते, कुठे एक खण गाळते. नाचायचा आव आणू नकोस, दिंडीत टाकतो तशी एका जागी पावलं टाक. कानात फोमचे बोळे घाल, मी पहिली पाच वर्षं घातले नाहीत आणि उजव्या कानात आता कायमची शीळ आहे. आणि सायट्रान्स सोडू नकोस. काय झालं ते इथे येऊन लिही, काही झालं नाही तरी लिही.