वाचक विचारतात: शुगर, घोरणं आणि पायलटचं मेडिकल

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. मी मूळचा नाशिकचा, गेली बावीस वर्षं डॅलसजवळ राहतो, वय ५४, आयटीत आहे. २०१६ साली प्रायव्हेट पायलटचं लायसन्स घेतलं, महिन्यातून दोन-तीनदा क्लबचं छोटं विमान, सेस्ना १७२, उडवतो, कधी घरचे पण बरोबर असतात. माझं थर्ड क्लास मेडिकल (खासगी पायलटचं फिटनेस सर्टिफिकेट) पुढच्या महिन्याअखेर संपतंय. बीपीची गोळी जुनी आहे, ती फॉर्मवर आहे. पण मागच्या मेडिकलनंतर डायबिटीस निघाला, मेटफॉर्मिन चालू आहे, ए-वन-सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.९ आहे. त्यात आता बायको म्हणते की झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो, फॅमिली डॉक्टरांनी स्लीप टेस्ट करायला सांगितलीय. क्लबमधला एक मित्र म्हणतो, मेडिकल होईपर्यंत टेस्ट करूच नको, आणि शुगरचं लिहायचंच झालं तर प्री-डायबिटीस लिही. तुम्ही इतकी वर्षं ही मेडिकल्स केलीत, खरं काय ते सांगा.

उत्तर: खरं सांगायचं तर पहिली गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही पुढच्या महिन्याची काळजी करताय, पण मेटफॉर्मिन सुरू झाली त्या दिवसापासूनच तुम्ही त्या थर्ड क्लासवर उडायला नको होतं. सर्टिफिकेटवर तारीख शिल्लक असली म्हणजे मेडिकल चालू आहे असं नसतं. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, ६७.३१३ हा नियम सरळ म्हणतो की ज्याला इन्सुलिन किंवा शुगर उतरवणारं कुठलंही औषध लागतं असा डायबिटीस असेल तर थर्ड क्लास मिळत नाही, आणि ६१.५३ म्हणतो की आपण मेडिकलच्या अटीत बसत नाही हे माहीत झालं की आपणच उडायचं थांबवायचं, कोणी येऊन सांगायची वाट बघायची नाही. हे बऱ्याच चांगल्या, जबाबदार लोकांना माहीत नसतं, म्हणून तुम्हाला रागावत नाहीये. पण आज हे वाचल्यावर पुढचं सगळं होईपर्यंत विमान जमिनीवर ठेवा, विशेषतः घरच्यांना घेऊन तर नकोच.

आता मित्राचा सल्ला. प्री-डायबिटीससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं काम खरंच सोपं असतं, ए-वन-सी ६.५ च्या वर नसेल आणि बाकी कागद नीट असतील तर मेडिकल करणारे एफएएचे परीक्षक डॉक्टर त्याच दिवशी सर्टिफिकेट देऊ शकतात. म्हणून तो तसं म्हणतोय. पण तुमच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये डायबिटीस लिहिलाय, इन्शुरन्सकडे तेच गेलंय, आणि तुम्ही मेडएक्सप्रेसवर, म्हणजे मेडिकलच्या ऑनलाइन फॉर्मवर, दुसरंच लिहायचं म्हणजे फेडरल सरकारला खोटं लिहून द्यायचं. त्याच फॉर्मवर छापलेलं असतं की खोट्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. तुरुंग दूरची गोष्ट म्हणा हवं तर, पण लायसन्स मात्र नक्की जाऊ शकतं, आणि ते सुद्धा अशा आजारासाठी ज्याला रस्ता उपलब्ध आहे. याचंच मला फार वाईट वाटतं. मी जितकी लायसन्सं लपवण्यापायी गेलेली बघितली, तितकी आजारापायी गेलेली बघितली नाहीत.

स्लीप टेस्टचं तर मित्राचं गणित पूर्णच उलटं आहे. फॉर्मवर १९ नंबरचा प्रश्न गेल्या तीन वर्षांत कुठल्या डॉक्टरकडे गेलात हे विचारतो (भारतात गेल्यावर नाशिकला दाखवलं असेल तर ते पण त्यात येतं, लोक हमखास विसरतात), म्हणजे फॅमिली डॉक्टरांची ती भेट तुम्हाला लिहायचीच आहे. शिवाय तुमचं वजन, मानेचा घेर, बीपी, शुगर बघून परीक्षकाच्या मनात तीच शंका येणार. आणि नुसती शंका असली तर परीक्षक सर्टिफिकेट अडवून ठेवत नाही, बाकी सगळं ठीक असेल तर तो ते देतो आणि बरोबर एक कागद देतो की ९० दिवसांत तपासणी करून कळवा. २०१५ पासून ही पद्धत आहे, आणि टेस्ट घरी मशीन लावून केलेली सुद्धा बहुतेकदा चालते. मग टेस्ट पुढे ढकलून तुम्ही काय वाचवताय?

उलट काय गमावताय ते सांगतो. फेब्रुवारी २००८ मध्ये हवाईत होनोलुलूहून हिलोला निघालेलं एक प्रवासी विमान, सकाळची वेळ, छोटासा पल्ला, आणि कॉकपिटमधले दोघंही झोपले. कंट्रोलर हाका मारतायत, उत्तर नाही, विमान हिलो ओलांडून समुद्रावर पुढे गेलं. नशिबाने दोघं जागे झाले, विमान परत वळवून सुखरूप उतरवलं, चाळीस प्रवासी होते. नंतर तपासणीत कॅप्टनला तीव्र स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, निघाला, तोवर कोणाला पत्ताच नव्हता. तुमच्या सेस्नात तर तुम्ही एकटेच पायलट. बायको सांगतेय तर तिचं ऐका, या आजारात बाजूला झोपणाऱ्या माणसाइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

आता करायचं काय. तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत, दोन्ही सरळ आहेत.

एक म्हणजे थर्ड क्लासच घ्यायचं, पण स्पेशल इश्युअन्सवर, म्हणजे आजार असूनही अटींवर मिळणाऱ्या खास परवानगीवर. डायबिटीसच्या गोळीसाठी पहिल्यांदा परीक्षक स्वतः सर्टिफिकेट देऊ शकत नाही, तो फाइल ओक्लाहोमा सिटीला एफएएकडे पाठवतो, याला डिफर म्हणतात, आणि तिथून उत्तर यायला महिने लागतात. एकदा तिकडून अधिकारपत्र आलं की पुढच्या वेळी बहुधा परीक्षकच तुमचे ताजे रिपोर्ट बघून देऊ शकतो. त्यात ए-वन-सी ९ च्या वर गेलेलं चालत नाही, आणि औषध बदललं असेल तर बदलानंतर तीस दिवस उलटून गेल्यावरचं ए-वन-सी लागतं. अॅप्निया निघाला आणि सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवा देणारं) लागलं तर त्याचं पण असंच, मशीनमधला डेटा द्यावा लागतो आणि तिथे बघतात की ७५ टक्के रात्री वापरलंय का आणि सरासरी सहा तास भरतायत का. आपल्या लोकांचं गाडं इथेच अडतं बघा, तीन-चार आठवडे भारतात सुट्टीला जातात आणि बॅगेत जागा नाही म्हणून मशीन घरी ठेवून जातात. मशीन केबिन बॅगेत घ्या, बरोबर प्लगचा अॅडॉप्टर घ्या, गावी लाइट जात असेल तर तेवढ्याच रात्री जाऊ देत.

दुसरा रस्ता बेसिकमेडचा, म्हणजे थर्ड क्लासशिवाय उडण्याचा, आणि तुमच्यासाठी माझं मत याच्याच बाजूने आहे. २०१७ पासून ही सोय आहे. १४ जुलै २००६ नंतर कधीही एकदा मेडिकल मिळालेलं असेल, अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्स असेल, तर तुमचा नेहमीचा डॉक्टर एक ठरलेली चेकलिस्ट घेऊन तपासतो आणि सही करतो, ते दर ४८ महिन्यांनी, आणि एक ऑनलाइन कोर्स दर २४ महिन्यांनी. हार्ट अटॅक, फिट येणं, बायपोलर अशा थोड्या आजारांना आधी एकदा स्पेशल इश्युअन्स लागतं, पण डायबिटीस आणि स्लीप अॅप्निया त्या यादीत नाहीत. नोव्हेंबर २०२४ पासून तर १२,५०० पौंडांपर्यंतचं आणि सात माणसांचं विमान चालतं, १८,००० फुटांच्या आत आणि २५० नॉटच्या आत. पैसे घेऊन प्रवासी न्यायचे नाहीत, आणि अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी ते मानत नाहीत, पण तुम्ही टेक्सासमधून ओक्लाहोमा-आर्कान्सासपर्यंत जाणार, तुम्हाला काय फरक पडतो. फक्त ही पळवाट समजू नका. चेकलिस्टवर तेच प्रश्न आहेत, ६१.५३ तिथेही लागू आहे, म्हणून स्लीप टेस्ट आधी, अॅप्निया निघाला तर मशीन सुरू करून सकाळी ताजंतवानं वाटायला लागू दे, मग डॉक्टरांची सही, मग विमान.

आणि ही गोष्ट अगदी लक्षात ठेवा: बेसिकमेडला तुमचं शेवटचं मेडिकल नाकारलेलं किंवा काढून घेतलेलं असून चालत नाही. नुसतं मुदत संपलेलं चालतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ, साठीचे, जाऊन तर बघू काय होतं म्हणून कागदपत्रांशिवाय मेडिकलला गेले, फाइल डिफर झाली, तिकडून पत्र आलं की अमुक रिपोर्ट पाठवा, यांनी कंटाळून पाठवले नाहीत, आणि मग नकार आला. मेडिकलला गेलेच नसते तर बेसिकमेडवर आरामात उडाले असते, आता तोही दरवाजा बंद झाला. मेडएक्सप्रेसचा फॉर्म भरल्यावर जो कन्फर्मेशन नंबर मिळतो तो परीक्षकाने त्याच्या कॉम्प्युटरवर टाकला की परीक्षा सुरू झाली, मग तिचा काहीतरी निकाल लागणारच. त्याच्या आधी मात्र नुसता सल्ला घेता येतो. फोन करून स्पष्ट सांगा की मला परीक्षा नकोय, कन्सल्टेशन हवंय, माझे रिपोर्ट बघा आणि सांगा. त्याची फी द्या, ती वाया जात नाही.

बीपीचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगून टाकतो, तिथे मर्यादा १५५/९५ आहे आणि रोजच्या वापरातल्या बहुतेक गोळ्या चालतात, क्लोनिडिन चालत नाही. आणि टेक्सासमध्ये सीडरच्या परागकणांनी डिसेंबर-जानेवारीत नाकं वाहायला लागतात तेव्हा आपले लोक भारतातून आणलेली सेट्रिझिन घेतात, ती घेऊन उडायचं नाही, ४८ तास थांबायचं. बेनाड्रिलला ६० तास. लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन चालतं, पण पहिल्यांदा घेताना घरी घेऊन झोप येते का ते बघा.

प्रश्न: माझे मिस्टर एका रिजनल एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहेत, वय ३४. सासरे गेल्यापासून गेलं वर्षभर ते नीट जेवत नाहीत, रात्रभर जागे असतात, एकटेच बसून असतात. थेरपिस्टकडे चला म्हटलं की म्हणतात मेडिकल जाईल, नोकरी जाईल, घराचा हप्ता कोण भरणार. मी काय करू कळत नाही. नाव छापू नका.

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मिस्टर ज्याला घाबरतायत ती भीती पायलट लोकांत घरोघरी आहे आणि ती अगदीच निराधार नाही, वेळ लागतो, पगारावर परिणाम होतो, हे मी नाकारणार नाही. पण मेडिकल कायमचं जातं, हा जुना समज आहे. २०१० पर्यंत डिप्रेशनची गोळी घेऊन उडताच येत नव्हतं, त्या वर्षी एप्रिलमध्ये एफएएने फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्राम आणि एसिटालोप्राम या चार औषधांना स्पेशल इश्युअन्सचा मार्ग उघडला, पुढे ती यादी वाढली. औषध सुरू केल्यावर प्रकृती स्थिर राहिलेला काळ दाखवावा लागतो, हिम्स नावाचं खास प्रशिक्षण घेतलेल्या परीक्षकाकडे जावं लागतं, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल लागतो. लांबचा रस्ता आहे पण त्यावरून परत कॉकपिटमध्ये बसलेले पायलट आहेत.

आणि वडील गेल्याचं दुःख म्हणजे लगेच डिप्रेशन असं पण नाही. काही वेळा औषधाची गरजच नसते, बोलायला माणूस हवा असतो. त्यांच्या युनियनकडे पीअर सपोर्ट आहे का ते आधी बघा, तिथे दुसरा पायलटच फोन उचलतो, त्याला यांची भीती समजावून सांगावी लागत नाही. मग हिम्स परीक्षकाकडे नुसतं कन्सल्टेशन, फॉर्म न भरता. तोपर्यंत त्यांनी सिक लीव्ह घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण रात्रभर न झोपलेल्या माणसाने मेडिकल खिशात असलं तरी उडायचं नसतं, हे त्यांनाही माहीत आहे. घरी हप्त्यांचा हिशोब तुम्ही दोघं बसून मांडा, लॉस ऑफ लायसन्स किंवा डिसॅबिलिटी इन्शुरन्स आहे का ते काढा. आकडा कागदावर आला की भीती निम्मी होते, निदान मी घरोघरी तसं बघितलंय.

जिवाचं बरंवाईट करण्याचं काही बोलले, नुसतं सूचित जरी केलं, तर मेडिकलचा विचार एक मिनिटही करायचा नाही, अमेरिकेत ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, तिथे तुम्ही स्वतः पण फोन करू शकता.

प्रश्न: आम्ही सांगलीचे. मुलगा १८ वर्षांचा, थायरॉइडची गोळी घेतो. त्याला पायलट करायचंय, एका फ्लाइंग स्कूलने अॅडमिशनसाठी पैसे मागितलेत. मेडिकल नंतर होईल म्हणतात.

उत्तर: नंतर नाही, आधी. भारतात डीजीसीएचं, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक खात्याचं, क्लास टू मेडिकल पहिलं होतं, त्यांच्या नेमलेल्या डॉक्टरकडे, आणि ते हातात आलं की क्लास वन, जे कमर्शियल लायसन्सला लागतं. पहिलं क्लास वन ठरावीक केंद्रांवरच होतं, बेंगळुरूची हवाई दलाची एअरोस्पेस मेडिसिनची संस्था त्यातली एक. थायरॉइड गोळीवर ताब्यात असेल, टीएसएच नीट असेल तर तेवढ्याने घाबरून जायचं कारण नाही, पण निर्णय परीक्षकाचा. गोळी फॉर्मवर लिहायची, डोस आणि कधीपासून ते लिहायचं, एंडोक्रायनॉलॉजिस्टचं पत्र आणि जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्यायचे. रंगांची तपासणी पण सांगलीतच एखाद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आधी करून घ्या, खूप मुलांना ते तिथे गेल्यावरच कळतं. क्लास वन हातात येईपर्यंत स्कूलला मोठी रक्कम देऊ नका, ते कितीही घाई करोत.