मुलाला क्यूबच्या स्पर्धेत उतरवताना

ताई, मुलाला स्पर्धेत उतरवायचं तर तयारी कशी करायची, असं विचारलंत. आठव्या वर्षी तो मिनिटाच्या आत रुबिक क्यूब सोडवतोय म्हणजे हात छान बसलाय त्याचा. सांगलीत विश्रामबागला मी बरीच मुलं शिकवली, त्यावरून सांगतो.

आधी वेग बाजूला ठेवा. मुलं घडाघडा फिरवतात आणि मग पुढचा तुकडा शोधत थबकतात. सगळा वेळ त्या थबकण्यात जातो. परवा एका मुलीला मुद्दाम सावकाश फिरवायला लावलं. एक तुकडा जागी बसवतानाच डोळे पुढच्या तुकड्यावर. चार दिवसांत तिचं अडखळणं निम्म्यावर आलं. पंधरा दिवस फक्त हेच करा.

स्पर्धेत क्यूब बघायला 15 सेकंद मिळतात. तेवढ्यात तळाचा क्रॉस, म्हणजे तळाच्या बाजूवर पहिल्यांदा जुळवायचं एकाच रंगाचं अधिकचं चिन्ह, मनात ठरला पाहिजे.

हे मात्र टाळा:

- शेवटच्या थराची 78 सूत्रं, म्हणजे फिरवण्याचे ठरावीक क्रम, आत्ताच पाठ करणं. एकेक पायरी दोन टप्प्यांत मोडली की थोडीच सूत्रं लागतात, तेवढी घ्या, बाकी पुढच्या वर्षी.
- सारखा नवा क्यूब. चुंबकवाला एक साधा पुरे.
- सर्वांत कमी वेळेचंच कौतुक. स्पर्धेत पाचदा सोडवायचं असतं, सगळ्यात चांगली आणि वाईट वेळ वगळून उरलेल्या तीन वेळांची सरासरी धरतात.

चीनच्या यीहेंग वांगनं 2023 मध्ये, नवव्या वर्षी, 4.48 सेकंदांच्या सरासरीचा विश्वविक्रम केला. व्हिडिओ जरूर दाखवा, पण घरात तुलना नको. पोरं त्यानंच क्यूब सोडून देतात, मी पाहिलंय.

आणि रोज अर्धा तासच. त्यानं अजून मागितलं तर द्या.