वाचकांचे प्रश्न : सर्व्हरवर बरोबर, मोबाइलवर चूक

प्रश्न : आमच्या सौहार्द सहकारी संस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी (घरोघरी जाऊन रोजच्या ठेवी गोळा करणाऱ्यांसाठी) तयार केलेल्या अ‍ॅपचा सर्व्हर जावामध्ये, तर मोबाइलवरील भाग जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे. आमचे खाते क्रमांक १७ अंकी आहेत. २०२४०१४५६०००१२३४५ हे खाते उघडले की पडद्यावर शेवटचा अंक ५ ऐवजी ४ दिसतो आणि भरणा शेजारच्या खात्यावर पडतो. डेटाबेसमध्ये आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र क्रमांक बरोबर आहे. जेसनमध्ये, म्हणजे सर्व्हर आणि मोबाइल यांच्यात माहिती पाठवण्याच्या मजकुरी स्वरूपात, रूपांतर करणारी जावाची जॅक्सन लायब्ररी बदलावी काय? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : लायब्ररी बदलून काहीही साधणार नाही, कारण जॅक्सन क्रमांक जसाच्या तसा लिहून पाठवत आहे. याची खात्री करण्यासाठी तोच पडदा संगणकावरील क्रोम ब्राउझरमध्ये उघडावा आणि डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क विभागात सर्व्हरचे उत्तर पाहावे. तेथे ‘रिस्पॉन्स’ या खणात आलेला मूळ मजकूर दिसतो आणि त्यात शेवटी ५ असेल. ‘प्रिव्ह्यू’ या खणात जावास्क्रिप्टने वाचून घेतलेले ऑब्जेक्ट दिसते आणि त्यात ४ असेल. बिघाड नेमका या दोन खणांच्या मध्ये आहे. अनेक जण केवळ प्रिव्ह्यू पाहतात आणि दोष सर्व्हरच्या माथी मारतात.

जावामधील ‘लाँग’ हा संख्येचा प्रकार ६४ बिटांचा पूर्णांक असतो आणि त्यात ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंतची संख्या अचूक मावते. जावास्क्रिप्टची साधी संख्यासुद्धा ६४ बिटांचीच, पण ती दशांश अपूर्णांकांसाठी आखलेल्या पद्धतीने साठवली जाते आणि प्रत्यक्ष अंकांसाठी तिच्यात ५३ बिटांची अचूकता असते. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९१ ही १६ अंकी संख्या ओलांडली की प्रत्येक पूर्णांकाला स्वतंत्र जागा उरत नाही. आपले क्रमांक ज्या टप्प्यात आहेत तेथे चार-चारच्या अंतरानेच संख्या साठवता येतात, आणि म्हणून ४२, ४३, ४४, ४५ व ४६ या अंकांनी संपणारी आपली पाचही खाती मोबाइलवर ४४ म्हणूनच उभी राहतात. पाच खातेदारांचा भरणा एकाच खात्यावर जमा होऊ शकतो, ही गोष्ट संचालक मंडळाच्या कानावर आजच घालावी. चाचणीसाठी १, २, ३ असे छोटे क्रमांक वापरले असतील, तर हा दोष तेव्हा दिसणे शक्यच नव्हते.

उपाय सोपा आहे. खाते क्रमांकाची कोणी बेरीज-वजाबाकी करीत नाही, तेव्हा तो संख्या म्हणून पाठवण्याचे कारणच नाही. जावाच्या कोडमध्ये खाते क्रमांकाच्या फील्डवर जॅक्सनचे स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, रूपांतर करणारे अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची सूचनेची खूण) लावावे, म्हणजे जेसनमध्ये क्रमांक अवतरणचिन्हांत जाईल. परत येताना जॅक्सन अशा स्ट्रिंगवरून लाँग स्वतःहून बनवतो. मोबाइलच्या बाजूला टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टला प्रकारांची जोड देणारी भाषा) असल्यास तेथील प्रकारही ‘स्ट्रिंग’ करावा, मात्र तेवढे पुरेसे समजू नये, कारण टाइपस्क्रिप्टचे प्रकार प्रोग्राम चालताना तपासले जात नाहीत. मोबाइलवर ‘बिगइंट’ हा मोठे पूर्णांक अचूक साठवणारा जावास्क्रिप्टचा प्रकार वापरण्याचा सल्ला काही जण देतील, परंतु सर्व्हरचा मजकूर वाचतानाच अंक गळून गेल्यावर बिगइंटला ते परत आणता येत नाहीत.

प्रश्न : मुदत ठेवीच्या अर्जात १ एप्रिल २०२५ ही तारीख निवडली, तरी सर्व्हरवर ३१ मार्च नोंदली जाते. असे का होते? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : जावास्क्रिप्टची ‘डेट’ ही तारीख नसून काळातील एक क्षण आहे. आपण १ एप्रिल निवडता तेव्हा भारतातील मध्यरात्रीचा क्षण तयार होतो आणि जेसनमध्ये जाताना तो जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे साडेपाच तास मागे, ३१ मार्च सायंकाळी ६:३० असा लिहिला जातो. सर्व्हर त्यातील तारखेचा भाग उचलतो आणि ठेव सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाते. लेखापरीक्षक हे खपवून घेणार नाहीत. उलट दिशेने, सर्व्हरकडून आलेली नुसती तारीख जागतिक मध्यरात्र मानली जाते, ती भारतात पहाटे ५:३० ठरते आणि दिवस तोच राहतो, म्हणून हा दोष आपल्याकडे एकाच बाजूने दिसतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशा साध्या मजकुराने पाठवावी आणि जावामध्ये ती ‘लोकलडेट’ या, वेळेविना फक्त तारीख ठेवणाऱ्या, प्रकारात घ्यावी. आलेल्या तारखेत एक दिवस मिळवण्याची पळवाट कृपया टाळावी.

प्रश्न : सभासदांची नावे आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत ठेवतो. काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हे, तर काहींच्या जागी अगम्य रोमन अक्षरे येतात. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : या दोन वेगळ्या व्याधी आहेत. अगम्य अक्षरे दिसतात तेथे यूटीएफ-८ या, सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतप्रणालीतील (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीतील) मजकूर कोणीतरी दुसऱ्या संकेतप्रणालीने वाचलेला असतो, आणि चुकीचा टप्पा सापडला तर नाव बहुधा परत मिळते. प्रश्नचिन्हे आली असतील, तर देवनागरी किंवा कन्नड अक्षरे ज्या प्रणालीत बसतच नाहीत तिच्यात ती कोंबली गेली आहेत. १८ च्या आधीच्या जावा आवृत्त्या, संकेतप्रणाली स्पष्ट न सांगितल्यास, त्या संगणकाची स्वतःची प्रणाली वापरत. विंडोजवर हे हमखास घडे. मजकुराचे बाइटमध्ये रूपांतर होते अशा प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे आणि डेटाबेसच्या रकान्याची प्रणालीही तपासावी. साठवतानाच प्रश्नचिन्हे झालेली नावे मात्र कोणत्याही रूपांतराने परत येणार नाहीत. ती सभासदत्वाच्या मूळ अर्जांवरून पुन्हा भरावी लागतील.