सुटलेली फजर उद्यावर ढकलू नको

प्रश्न : आपा, मी अक्कलकोट रोडवर टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. रात्रपाळी सकाळी आठला सुटते, फजर (पहाटेची नमाज) तिथंच निघून जाते. सुट्टीच्या दिवशी तर डोळा उघडतो तोच नऊ-दहाला. दादी म्हणते, सुटलेली फजर दुसऱ्या दिवशीच्या फजरबरोबरच पढायची, मध्ये पढली तर होत नाही. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादींचं हे म्हणणं मी सोलापुरात सून म्हणून आले तेव्हापासून ऐकते आहे. दादींचा मान ठेव, पण हे खरं नाही. प्रेषितांचं (स.) सांगणं स्पष्ट आहे : झोपेत किंवा विसरून नमाज राहिली, तर आठवताच पढावी.

त्यांच्यावरही ही वेळ आली होती. खैबरच्या मोहिमेहून परतताना काफिला रात्री उशिरा थांबला. पहाटे उठवायचं काम प्रेषितांचे साथी हजरत बिलाल यांनी अंगावर घेतलं. ते पूर्वेकडे तोंड करून उंटाला टेकून बसले आणि त्यांनाही झोप लागली. ऊन अंगावर आलं तेव्हा आधी प्रेषितांना जाग आली. ‘ज्यानं तुम्हाला निजवलं त्यानंच मलाही निजवलं,’ असं बिलाल म्हणाले, आणि त्यांना कुणी रागावलं नाही. थोडं पुढं जाऊन वजू केलं (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुतले) आणि सगळ्यांनी जमातीनं, म्हणजे एकत्र, फजर पढली. त्याच दिवशी, उजाडल्यावर. दादींना हा किस्सा सांग, त्यांना पटेल.

तेव्हा सुट्टीच्या दिवशी नऊला उठलास की वजू करून लगेच पढ. दुपारच्या जवालआधी (सूर्य माथ्यावरून ढळण्याआधी) पढलीस तर दोन सुन्नत (प्रेषितांच्या प्रथेच्या) आणि दोन फर्ज (सक्तीच्या), नंतर फक्त फर्ज. जोहरच्या (दुपारच्या नमाजेच्या) आधी ही फेडायची. नेमका सूर्य उगवत असताना जाग आली, तर वीसेक मिनिटं थांब. हे हनफी पंथाच्या रिवाजाप्रमाणे सांगते, सोलापुरात बहुतेक तोच. माझं माहेर रत्नागिरीचं, आम्ही शाफई पंथाचे. तिकडं कझा (सुटलेल्या) नमाजेसाठी तेवढंही थांबत नाहीत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

रात्रपाळीचं मात्र वेगळं आहे आणि इथं मी तुला सूट देणार नाही. झोपेत कसूर नाही, कसूर जागेपणी आहे, हेही प्रेषितांचंच म्हणणं. मागावर तू जागा असतोस. सोलापुरात सूर्य मे अखेरीस पावणेसहाच्या आसपास उगवतो, जानेवारीत सातच्या सुमारास. म्हणजे बारा महिने फजरची वेळ तुझ्या पाळीतच येते आणि ती तासाभराहून जास्त असते. दोन फर्जांना चार-पाच मिनिटं लागतात. चहाला उठता तेव्हा वजू करून ठेव. शेजारच्या मागवाल्याला तेवढा वेळ तुझ्या मागावर नजर ठेवायला सांग, त्याच्या वेळी तू ठेव. मुकादमाशी आधीच बोलून घे. बहुतेक माणसं पाच मिनिटांना नाही म्हणत नाहीत, विचारायलाच आपण लाजतो. कपड्यांवर रुई आहे, तेलाचे डाग आहेत म्हणून अडू नको, त्यानं कपडे नापाक होत नाहीत. हातावर ग्रीसचा थर असेल तर तो वजूआधी घासून काढ, कारण पाणी कातडीला लागलं पाहिजे.

आजवर पाळीत गेलेल्या फजरचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. मनापासून तौबा कर. किती महिने रात्रपाळी केलीस याचा अंदाज घे, थोडा जास्तच धर, वहीत लिहून ठेव. रोज एखादी फेड, फक्त दोन फर्ज. नीयत मनात करायची : माझ्याकडून राहिलेल्या फजरपैकी सगळ्यात पहिली पढतो आहे. हे मराठीत म्हटलंस तरी चालतं.