रास्पबेरी पाय: शाळेसाठी जन्मली, कारखान्यांवर पोसली

प्रश्न: रास्पबेरी पाय ही कंपनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला निघाली होती ना? मग ती लंडनच्या शेअर बाजारात कशी पोचली? शिक्षणाचं काय झालं? आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला तिचा बोर्ड (एकाच सर्किट बोर्डावर बसवलेला छोटा, स्वस्त संगणक) घेऊन द्यावा का?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातला सूर माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. आमचे धाकटे भावोजी असंच बोलतात. ते इंग्लंडमध्ये एका माध्यमिक शाळेत कम्प्युटिंग शिकवतात आणि शाळा सुटल्यावर मुलांचा कोडिंग क्लब चालवतात. मी तिथल्याच एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही शीतगृहांच्या तापमानावर लक्ष ठेवणारी पॅनेलं बनवतो आणि प्रत्येक पॅनेलमध्ये रास्पबेरी पायचं एक कम्प्यूट मॉड्यूल, म्हणजे उपकरणाच्या आत बसवायचा छोटा संगणक, असतं. म्हणजे भावोजींच्या हिशेबात ज्यांच्यामुळे ही कंपनी बिघडली, त्यांच्यातली मी एक. तेव्हा माझ्याकडून तटस्थ उत्तर मिळणार नाही.

शेअर बाजारापर्यंतचा प्रवास आधी उरकते. रास्पबेरी पायचे एक संस्थापक एबन अप्टन केंब्रिजमध्ये सेंट जॉन्स कॉलेजात कम्प्युटर सायन्सचे विद्यार्थी बघायचे. 2006 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की या विषयाला अर्ज करणारी मुलं कमी होत चालली आहेत आणि जी येतात त्यांचा हात पूर्वीसारखा बसलेला नसतो. आधीच्या पिढीतली मुलं घरच्या मशीनवर बेसिक आणि असेंब्ली या भाषांत प्रोग्रॅम लिहून आलेली असायची. मुलांना निर्धास्तपणे खेळता येईल, बिघडलं तरी घरचे ओरडणार नाहीत, असं स्वस्त मशीन बनवायचं ठरलं. 2009 मध्ये त्यासाठी रास्पबेरी पाय फाउंडेशनची धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी झाली. पुढे शेअर बाजारात गेली ती या फाउंडेशनचीच कंपनी. अप्टन तेव्हा ब्रॉडकॉममध्ये चिप डिझाइनचं काम करत होते आणि चिपही तिथलीच मिळाली. 29 फेब्रुवारी 2012 ला 35 डॉलरचा मॉडेल बी विक्रीला आला आणि सकाळीच तो विकणाऱ्या दोन्ही विक्रेत्यांच्या साइट बसल्या. पहिली खेप दहा हजारांची होती, मागणी पहिल्याच दिवशी लाखाच्या घरात गेली.

खरी मेख पुढे आहे आणि ती कोणी सांगत नाही. एवढे बोर्ड बनवायला फाउंडेशनकडे पैसे नव्हते. म्हणून त्यांनी डिझाइनचा परवाना आरएस आणि फार्नेल या दोन वितरकांना दिला. तुम्ही बनवा, तुम्ही विका, आम्हाला रॉयल्टी द्या. आता हे दोघे कोण? कारखान्यातल्या इंजिनिअरांना रिले, कनेक्टर, फ्यूज पुरवणारे. कोणत्याही मेंटेनन्स खात्यात यांचं खातं उघडलेलं असतंच. म्हणजे 'मुलांचा' हा संगणक पहिल्या दिवसापासून आमच्याच दुकानात ठेवलेला होता. शाळेत खरेदीसाठी अर्ज, मंजुरी, बजेट अशी मिरवणूक निघते. आमच्याकडे फ्यूज मागवताना कोणीतरी त्याच ऑर्डरमध्ये एक बोर्ड टाकायचा आणि जेवणाच्या सुट्टीत चालू करून बघायचा. पुढे कंपनी बिघडली म्हणणाऱ्यांनी आधी हे ध्यानात घ्यावं.

मग बोर्ड सोनीच्या वेल्समधल्या पेनकोइड कारखान्यात बनू लागले. 2014 मध्ये कम्प्यूट मॉड्यूल आलं. त्यावर ना यूएसबीचं तोंड, ना एचडीएमआयचं. लॅपटॉपच्या रॅमच्या आकाराची एक पट्टी, जी तुमच्या स्वतःच्या सर्किट बोर्डावर बसवायची. हे मुलांसाठी नव्हतंच. 2015 मध्ये 5 डॉलरचा झीरो नावाचा बोर्ड आला, तो तर मासिकाच्या अंकावर चिकटवून फुकट दिला. 2021 मध्ये स्वतःची चिप घालून 4 डॉलरचा पिको हा चिमुकला बोर्ड आणला. जून 2024 मध्ये लंडन स्टॉक एक्स्चेंजवर 280 पेन्सने शेअर आला, कंपनीची किंमत 54 कोटी पौंडांच्या आसपास ठरली. त्याआधीच्या 2023 सालात त्यांनी 74 लाख नग विकले होते, उलाढाल 26 कोटी डॉलरच्या वर होती आणि नगांतला 72 टक्के वाटा उद्योगांचा होता.

हा 72 चा आकडा आला आणि आमच्या घरात जुनं भांडण पुन्हा पेटलं.

भांडण टंचाईतलं. 2021-22 मध्ये जगभर चिपा मिळेनाशा झाल्या. पाय 4, म्हणजे तेव्हाचा चालू बोर्ड, दुकानात दिसेना. ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनीने पहिल्यांदाच किंमत वाढवली, 35 चा बोर्ड 45 डॉलरचा केला. आणि अप्टन यांनी उघडपणे सांगून टाकलं की ज्यांचा धंदा या बोर्डांवर उभा आहे त्यांना माल आधी मिळेल. एका रविवारी भावोजी जेवायला आले होते. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. कोणीतरी पाय 4 शंभर पौंडांच्या वर विकायला ठेवला होता. म्हणाले, "वहिनी, तुमच्या कंपनीने पोरांच्या तोंडचा घास पळवला."

त्या आठवड्यात आमच्याकडे काय चाललं होतं ते सांगते. शेल्फवर तयार पॅनेलं ओळीने उभी होती. डबा, डिस्प्ले, रिले, वायरिंग, सगळं झालेलं. आणि प्रत्येकाच्या मधोमध दोनशे पिनांची खोबण रिकामी. मॉड्यूल नाही. गिऱ्हाइकाचे फोन रोज येत होते. "दुसरं काहीतरी वापरा की," असं म्हणणाऱ्याने कधी पॅनेल बनवलेलं नसतं. मॉड्यूल बदललं की सर्किट बोर्ड नवा काढायचा, ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचं, आणि मग विद्युतचुंबकीय चाचणी पहिल्यापासून, तिचे पैसे वेगळे आणि लॅबची तारीख मिळेल तेव्हा. मालक पगार कुठून काढायचे या विवंचनेत. मी भावोजींना म्हटलं, "असेंब्लीला बसणाऱ्या आमच्या बायकांना पोरं नाहीत का? त्यांच्या तोंडच्या घासाचं काय?" नवऱ्याने मुकाट्याने ताटं उचलली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी त्यांच्या क्लबला गेले. काही बोर्ड चालत नाहीत, बघता का, असं त्यांनीच म्हटलं होतं. भांडण असलं तरी कामाला वहिनी लागते. लोखंडी कपाट उघडलं तर आत प्लॅस्टिकचे डबे भरून पहिल्या पिढीचे मॉडेल बी. टीव्हीला जोडायची पिवळी गोल खोबण असलेले, मोठं एसडी कार्ड घेणारे. बोर्ड धडधाकट होते. कार्डं हरवलेली. पॉवर सप्लाय शिक्षकांनी फोन चार्ज करायला नेलेले. खोलीतले मॉनिटर जुन्या व्हीजीए तोंडाचे, आणि बोर्डाला एचडीएमआय. शाळेचं आयटी खातं हे बोर्ड नेटवर्कला लावूच देत नव्हतं. मी कार्डांवर नव्याने ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली आणि जे लागले ते सगळे चालले.

आता मला सांगा, पोरांचा घास कोणी पळवला? पाय 4 ची टंचाई नसती तरी तो याच कपाटात गेला असता. 35 डॉलरचा संगणक हा 35 डॉलरचा नसतोच. त्याला पडदा, कीबोर्ड, माऊस, कार्ड, सप्लाय लागतो, आणि मुख्य म्हणजे वर्ग चालू असताना तीस मशीनं सांभाळणारा माणूस लागतो. म्हणून तर बीबीसीने 2016 मध्ये ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या दहाएक लाख मुलांना मायक्रोबिट वाटले. ज्याला पडदाच लागत नाही असा तो बोर्ड वर्गात जास्त रुळला, हे भावोजीसुद्धा मान्य करतात, फक्त माझ्यासमोर नाही.

शिवाय नुसत्या शाळेवर जगलेली संगणक कंपनी केंब्रिजनेच पाहिलेली आहे. एकॉर्न. 1981 चा बीबीसी मायक्रो हा संगणक त्यांचाच. सरकारने शाळांना अर्धी किंमत दिली आणि ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांत तो पोचला. पंधरा लाखांच्या आसपास विकला गेला. पायची 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी' ही नावंही तिकडूनच आली. 1984 च्या नाताळात घरगुती संगणकांचा बाजार बसला, न खपलेला माल एकॉर्नच्या गळ्यात पडला आणि 1985 मध्ये इटलीच्या ऑलिव्हेत्तीने कंपनी ताब्यात घेतली. त्यानंतर शाळांच्या जोरावर गाडा रेटला, पण शाळांनी विंडोजची वाट धरली तसा तोही अडला. तगली ती एकॉर्नमध्ये जन्मलेली एआरएम चिप, कारण ती 1990 मध्ये वेगळी कंपनी होऊन बाहेर पडली आणि जो मागेल त्याला परवाना देऊ लागली. आज प्रत्येक पायमध्ये तीच आहे. भावोजींना मी हे कितीदा सांगितलं, त्यांचं उत्तर एकच: "तो काळ वेगळा होता."

शिक्षणाचं काय झालं, हा तुमचा मधला प्रश्न. फाउंडेशन अजून आहे आणि शेअर बाजारात आल्यावरही कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक तेच होतं. मुलांचे कोडिंग क्लब चालवणाऱ्या दोन संस्था, 2015 मध्ये कोड क्लब आणि 2017 मध्ये कोडरडोजो, त्यात सामील झाल्या. इंग्लंडमधल्या शिक्षकांना कम्प्युटिंग शिकवायच्या सरकारी केंद्रातही त्यांचा हात होता. मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम अंतराळ स्थानकावरच्या पायवर चालवतात, तेही तेच करतात. भावोजी क्लबमध्ये जे फुकटचे धडे वापरतात, ते फाउंडेशनचेच. कंपनीचा नफा फाउंडेशनकडे जात आला आहे आणि त्या नफ्यात आमच्या शीतगृहवाल्यांचा वाटा आहे. हे त्यांना ऐकवलं की ते विषय बदलतात.

मुलीसाठी म्हणाल तर पाय 5 घेऊ नका. तो आता ताकदीचा डेस्कटॉप झाला आहे, पंखा काय, वेगळा सप्लाय काय, अकरा वर्षांच्या मुलीला त्याचं काही पडलेलं नसतं. घरात लॅपटॉप असेल तर त्याला जोडून चालवायचा पिको घ्या, एक ब्रेडबोर्ड (सुटे भाग नुसते खोचून जोडायची पट्टी), थोडे एलईडी आणि मायक्रोपायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. टंचाईच्या काळातही पिको मिळत होता, हे भावोजींना मी तेव्हाच सुचवलं होतं. लॅपटॉप नसेल आणि टीव्ही असेल तर कीबोर्डमध्येच बसवलेला पाय 400 बघा, जुना मिळाला तर उत्तमच. मुलीला आधीपासून लिनक्सची, म्हणजे पायवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची, गोडी असेल तर मात्र माझं हे सगळं विसरा आणि ती मागेल तो घ्या.

भावोजींच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. टंचाईत सगळ्यांत जास्त भरडले गेले ते शाळावाले नाहीत आणि आम्हीही नाही. घरी बसून हौसेने काहीबाही बनवणारे. ब्लॉग लिहिणारे, अडलेल्याला उत्तरं देणारे, ज्यांनी या बोर्डाचं नाव केलं ते. त्यांना रांगेच्या शेवटी उभं केलं, त्यातले कित्येक वापरलेल्या छोट्या पीसींकडे वळले आणि परत आलेच नाहीत. 2023 मध्ये माल पुन्हा मिळू लागला, पण ती माणसं नाराजच राहिली.

आणि हो, या कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत, त्या हिशेबाने वाचा. भावोजींकडेही आहेत, माझ्यापेक्षा जास्त.