डब्ल्यूपीएस प्रीक्वालिफाइड आहे, तरी हीट इनपुटचे कागद का मागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीच्या शॉपमध्ये तुम्ही क्यूसी (गुणवत्ता तपासणी) बघता, बीम-कॉलमच्या कामाला कन्सल्टंटने एडब्ल्यूएस डी१.८ (भूकंपासाठीचा अमेरिकन वेल्डिंग कोड) लावलाय, तुमच्याकडे डी१.१ चा (स्टीलच्या वेल्डिंगच्या सर्वसाधारण कोडचा) प्रीक्वालिफाइड डब्ल्यूपीएस आहे, म्हणजे वेगळी चाचणी न करता चालणारी वेल्डिंगची लेखी पद्धत, तरी कन्सल्टंट हीट इनपुटचा, म्हणजे वेल्डच्या दर मिमीला किती उष्णता गेली याचा, पुरावा मागतोय. आणि पुणं भूकंपाच्या झोन ३ मध्ये, मग एवढा थाट कशाला?

झोनचं आधी उरकतो. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणं झोन ३ मध्येच आहे, खरंय. पण झोनवरून भूकंपाचं बल किती धरायचं ते ठरतं. बीम वाकेल, ताणला जाईल, पण जोड तुटणार नाही, असं डिझायनरने एकदा गृहीत धरलं की तो जोड तसा वागलाच पाहिजे, मग तो भोसरीत असो नाहीतर भुजमध्ये. आणि ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आठवणारी माणसं आपल्या घरांत अजून आहेत.

आता मूळ मुद्दा. प्रीक्वालिफाइड म्हणजे ताकदीची खात्री. चिवटपणाची, म्हणजे शार्पी इम्पॅक्टची (खाच पाडलेला तुकडा हातोड्याने तोडायला किती ऊर्जा लागते, त्या चाचणीची), खात्री त्यात आपोआप येत नाही. हा फरक महागात पडला तो १७ जानेवारी १९९४ ला, लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिजच्या भूकंपात. स्टीलच्या इमारती उभ्या राहिल्या, पण आवरण काढून पाहिलं तर बीमच्या खालच्या फ्लॅंजला (आडव्या पट्टीला), रूटपाशी (वेल्डच्या तळाशी), तडे. त्यातल्या बऱ्याच जोडांना ई७०टी-४ ही गॅसशिवाय चालणारी फ्लक्स कोअर वायर वापरली होती. भराभर भरणारी, ताकदीला पुरेशी, पण चिवटपणाची अट नसलेली. त्यात वेल्डखाली आधाराला लावलेली बॅकिंग पट्टी तशीच चिकटून राहिलेली, म्हणजे रूटला आयती खाच.

म्हणून डी१.८ मध्ये ‘डिमांड क्रिटिकल’ (भूकंपात सगळ्यात जास्त ताण सोसणाऱ्या) वेल्डच्या फिलरची, म्हणजे भरणाऱ्या वायरची किंवा रॉडची, दोन टोकांना चाचणी होते. एक प्लेट कमी उष्णतेची: १.२ किलोज्यूल प्रति मिमी, इंटरपास (पुढचा पास मारण्याआधीचं तापमान) ९५ अंशांच्या आसपास. दुसरी जास्त उष्णतेची: ३.१ किलोज्यूल, इंटरपास २६० च्या आसपास. दोन्हीकडे शार्पीला २० अंश सेल्सिअसवर ५४ ज्यूल यायला हवेत. उष्णता फार झाली तर धातू सावकाश थंड होतो, दाणा जाड होतो, चिवटपणा घसरतो. फार कमी झाली तर शेजारची प्लेट कडक होते आणि हायड्रोजनने तडकायला वाट मिळते. तुमच्या डब्ल्यूपीएसचे आकडे या दोन टोकांच्या मधे बसले पाहिजेत, एवढंच कन्सल्टंट मागतोय. आधी वायर किंवा रॉडच्या कंपनीकडे त्याच ब्रँडचा आणि त्याच मापाचा हा रिपोर्ट मागा. मिळाला तर दोन्ही प्लेटा तुम्हाला मारायला नकोत.

खरी गोम कागदात नाही, वेल्डरच्या मनगटात आहे. सूत्र सोपं: व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले १००० गुणिले वेग (मिमी प्रति मिनिट). अँपिअर आणि व्होल्ट सगळे लिहितात, वेग कोणी मोजत नाही.

एका कामावर मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. जोड उभा, ४ मिमीचा ई७०१८ रॉड, १४० अँपिअर, २४ व्होल्ट. वेल्डर मामा वीस-बावीस वर्षांचे अनुभवी, विणकाम (रॉड डावीउजवीकडे झुलवत भरणं) बघत राहावं असं. एक रॉड ९० सेकंद जळला आणि वेल्ड झालं जेमतेम ९० मिमी. म्हणजे ६० मिमी प्रति मिनिट, हीट इनपुट ३.३६. मर्यादेबाहेर, आणि मशीनवरचा अँपिअर मात्र डब्ल्यूपीएसच्या अगदी मधोमध! मामांना म्हटलं, ‘विणकाम अरुंद करा, एका रॉडमध्ये दीडशे मिमी तरी गेलं पाहिजे.’ ते म्हणाले, ‘साहेब, मग पास वाढतील.’ वाढले. हीट इनपुट दोनवर आलं. तेव्हापासून मी उभ्या जोडाजवळ खडूने दीडशे मिमीवर रेघ मारून ठेवतो. वेल्डरला किलोज्यूल सांगून उपयोग नसतो, रेघ कळते.

व्होल्ट मोजताना मीटरची टोकं होल्डरच्या जवळ लावा. लांब केबलमध्ये व्होल्ट पडतो, त्यामुळे मशीनचा आकडा फुगलेला असतो. इंटरपाससाठी थर्मल चॉक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) वेल्डरच्या खिशात हवा, क्यूसीच्या ड्रॉवरमध्ये नाही.

रॉडला ओल लागण्याचं तर पावसाळ्यात विचारूच नका. होल्डिंग ओव्हन १२० अंशांच्या वर ठेवा, आणि पोर्टेबल ओव्हनची वायर प्लगमध्ये आहे ना, हे स्वतः बघा. मी तो डबा टिफिन गरम करायला वापरलेला पाहिलाय.

एक गोष्ट मात्र कन्सल्टंटकडून लेखी घ्या. ते ५४ ज्यूल २० अंशांवर तपासणं चालतं, कारण इमारतीचं स्टील वापरात १० अंशांच्या खाली जाणार नाही असं धरलेलं असतं. बंद इमारतीत ठीक आहे. तुमचं स्ट्रक्चर उघडं असेल, तर जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे एक आकडी होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग चाचणीचं तापमान काय धरायचं, ते त्यानेच ठरवायचं, आणि प्लेट कापायच्या आधी.