वाचकांचे प्रश्न : धावून थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट

प्रश्न : वय ४८. रोज सकाळी मैदानावर अर्धा तास धावतो. सुरुवात केल्यावर दोनच मिनिटांत घड्याळ १६८ ठोके दाखवतं आणि शेवटपर्यंत आकडा तिथेच राहतो. २२० मधून वय वजा केलं की माझी कमाल मर्यादा १७२ येते. सोबत्याशी गप्पा मारत धावतो, त्रास काही नाही, पण आकडा बघून धास्ती वाटते. थांबल्यावरही वीस मिनिटं नाडी शंभराच्या आसपास असते.

उत्तर : गप्पा मारत धावता येतं, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य. नाडी खरोखर कमाल पातळीला टेकली असती तर चार शब्दही सलग बोलता आले नसते. म्हणून संशय आधी घड्याळावर घ्या. मनगटावरचं घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि परतून येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून ठोके ओळखतं. पट्टा सैल असला की पावलागणिक बसणारा हिसका त्याला ठोका वाटतो. धावताना बहुतेकांची पावलं मिनिटाला १५० ते १८० पडतात. उजवं पाऊल ३० सेकंदांत किती वेळा पडलं ते मोजा आणि चारने गुणा. उत्तर १६८ च्या जवळ आलं, तर घड्याळ तुमची पावलं मोजत असण्याची दाट शक्यता आहे. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, सरकणार नाही इतपत घट्ट बांधा.

खात्री बोटांनीच करावी. थांबल्या थांबल्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवून १० सेकंद ठोके मोजा आणि सहाने गुणा. पूर्ण मिनिटभर मोजत बसू नका, तेवढ्यात नाडी उतरलेली असते. मानेवर मोजायची असेल तर एकाच बाजूला आणि हलक्या हाताने. तिथे जोरात दाबलं तर नाडी मंदावते, चक्करही येऊ शकते.

आता १७२ बद्दल. २२० वजा वय ही सरासरी आहे, धोक्याची रेषा नव्हे. २००१ साली मांडलेलं दुसरं सूत्र (२०८ मधून वयाची ०.७ पट वजा) तुमच्यासाठी १७४ देतं. दोन्हींमध्ये व्यक्तीनुसार दहा-बारा ठोके इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. त्याहून उपयोगी हिशेब विश्रांतीच्या नाडीवरून होतो. समजा, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तुमची नाडी ७२ आहे. १७४ मधून ७२ गेले, उरले १०२. त्याचे ४० ते ६० टक्के ७२ मध्ये मिळवले की ११३ ते १३३ येतात. हा तुमचा मध्यम व्यायामाचा टप्पा.

थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट मात्र नीट मोजाच. थांबताना एकदा, हळू चालत राहून बरोबर एका मिनिटाने पुन्हा एकदा. १५० वरून १२५ झाली तर उत्तम. घट १२ किंवा त्याहून कमी असेल आणि दोन-तीन वेळा तेच दिसलं, तर डॉक्टरांना सांगून ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्टबद्दल विचारा. या पहिल्या उताराचं काम मुख्यतः व्हेगस नावाचा मज्जातंतू करतो, तो हृदयाला लगाम घालतो. पुढचा उतार संथच असतो, कारण रक्तातलं ॲड्रेनलिन आणि अंगातली उष्णता ओसरायला वेळ लागतो. त्यामुळे दमदार धावण्यानंतर वीस मिनिटांनी नाडी शंभर असणं, एरवी बरं वाटत असेल तर, चिंतेचं नाही. एकदम थांबून उभं राहू नका. पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायचे थांबतात, ते पायांत साचतं आणि घेरी येते. पाच मिनिटं चालत राहा.

छातीत दाब किंवा दुखणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, शुद्ध हरपणं किंवा हरपेल असं वाटणं, यांपैकी काहीही झालं तर आकडा कितीही असो, व्यायाम थांबवा आणि १०८ ला फोन करा. बसल्या जागी नाडी अचानक दीडशेच्या वर उडून तशीच अचानक खाली येत असेल, किंवा ठोके विस्कळीत लागत असतील, तर ईसीजी करून घ्याच.

प्रश्न : वय ३९, राहणार अकोला. हिवाळ्यात भरभर चालताना नाडी १२५ असते. मे महिन्यात त्याच वेगात पाऊण तासाने १४० होते. तब्येत बिघडली का?

उत्तर : बहुधा नाही. उन्हाळ्यात बरंचसं रक्त अंग गार करायला त्वचेकडे वळतं आणि घामाने रक्तातलं पाणी घटतं. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी झालं की हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. चालण्याआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो उतरलं तर साधारण अर्धा लिटर घाम गेला, तेवढं पाणी घोटाघोटाने भरून काढा. विदर्भात मेमध्ये उजाडताच निघावं आणि वेग नाडीप्रमाणे कमी करावा.

मात्र गारव्यातही नाडी अशीच चढू लागली, जिना चढताना धाप लागली किंवा पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. तुमच्या वयाच्या, गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असणं म्हणजे पंडुरोग. आपल्याकडे तो फार स्त्रियांना असतो आणि अशक्तपणा म्हणून अंगावर काढला जातो. तसं करू नका.

प्रश्न : बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेतो. कितीही चाललो तरी नाडी १०५ च्या वर जात नाही.

उत्तर : हे गोळीचंच काम आहे. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल, बिसोप्रोलॉल हृदयाचा वेग आवरून धरतात, त्यामुळे वरची सूत्रं आणि घड्याळातले टप्पे तुम्हाला लागू नाहीत. आकडा गाठायला वेग वाढवू नका. वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका जोर मध्यम व्यायामासाठी पुरे. नेमका आकडा हवा असेल तर गोळी चालू असताना ट्रेडमिल टेस्ट करून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळी स्वतःहून अचानक बंद करू नका, बीपी आणि नाडी दोन्ही उसळतात. चक्कर येत असेल आणि विश्रांतीची नाडी ५० च्या खाली जात असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.